दोन काळांचे हेवीवेट, एक रिंगण : ऐरोलीतील रविवारच्या बैठकीचे परीक्षण

ऐरोलीतील एका व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या मुष्टियुद्ध प्रशिक्षण केंद्रात रविवारी संध्याकाळी, सराव नसतो त्या वेळेत, एक बैठक भरते. वेगवेगळ्या काळांतील दोन हेवीवेट जगज्जेते निवडले जातात, त्यांच्या गाजलेल्या लढतींच्या चित्रफिती पडद्यावर दाखवल्या जातात, आणि ते दोघे समोरासमोर उभे राहिले असते तर काय झाले असते, याचा निकाल उपस्थितांमधून निवडलेले पाच जण फेरीगणिक गुण देऊन लावतात. शुल्क माणशी १०० रुपये असून त्यात चहा धरलेला आहे. जागा लहान असल्यामुळे केंद्राच्या चालकांना गर्दी नको आहे, म्हणून नाव देण्याचे टाळतो. ऐरोलीत बॉक्सिंग शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारले तर पत्ता मिळेल. गेल्या पावसाळ्यापासून मी ठाण्याहून तिथे अधूनमधून जात आलो आहे आणि काही तक्रारी असूनही, या विषयाची आवड असणाऱ्याने तिथे जावे असेच माझे मत आहे.

अली श्रेष्ठ की टायसन, हा वाद घालायला कुणाला शंभर रुपये मोजावे लागत नाहीत. तो कोणत्याही कट्ट्यावर फुकट होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतो. या बैठकीचे वेगळेपण असे की, इथे नावे ठरल्यावर लगेच वाद सुरू होत नाही. आधी करार लिहिला जातो. केंद्राचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात, फळ्यावर चार ओळी लिहितात: लढत किती फेऱ्यांची, ग्लोव्ह्ज किती औंसांचे, खाली पडलेल्या योद्ध्याबाबत नियम कोणता, आणि प्रत्येक योद्धा कोणत्या वर्षीचा. दोन काळांपैकी कोणाचे नियम लागू करायचे हे नाणे उडवून ठरते. पहिल्या वेळी मला हा सोपस्कार कंटाळवाणा वाटला होता, परंतु थोड्याच वेळात लक्षात आले की लढतीचा अर्ध्याहून अधिक निकाल त्या चार ओळींतच लागलेला असतो.

याचा पुरावा कल्पनेत शोधण्याची गरज नाही, तो प्रत्यक्ष इतिहासातच आहे. रॉकी मार्सियानो हा ४९ लढतींत एकही न हरता निवृत्त झालेला जगज्जेता. त्याने २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटला हरवून किताब मिळवला तो तेराव्या फेरीत, एका उजव्या ठोशावर. आणि तोपर्यंत तो तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता. त्याच्याही आधी, १८ जून १९४१ रोजी, वजनाने बराच हलका असलेला बिली कॉन जो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिकांवर पुढे होता, तिसरीवर बरोबरी होती, आणि तोही तेराव्या फेरीतच आडवा झाला. आज जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा लाइटवेट योद्धा रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर मरण पावला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने पंधराऐवजी बारा फेऱ्या केल्या आणि दशक संपण्याआधी इतर प्रमुख संघटनांनीही तेच केले. म्हणजे आजच्या नियमाने त्या दोन्ही लढती बाराव्या फेरीअखेर संपल्या असत्या, मार्सियानोच्या नावापुढचा तो प्रसिद्ध आकडा अस्तित्वात आला नसता आणि लुईची सलग २५ वेळा किताब राखण्याची मालिका मध्येच तुटली असती. सरांनी हे दोन दाखले दिले तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली होती, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण एरवी ती थांबत नाही.

खाली पडलेल्या योद्ध्याबाबतचा नियमही असाच निर्णायक आहे. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. डेम्प्सीचे वजन सुमारे ८५ किलो, तर विलार्ड साडेसहा फुटांहून उंच आणि शंभर किलोंच्या बराच वर. चित्रफीत नीट पाहिली तर दिसते की विलार्ड गुडघ्यावरून उठत असतानाच डेम्प्सी त्याच्या बाजूला उभा आहे आणि तो पुरता सावरण्याआधी पुढचा ठोसा बसतो आहे. त्या काळी याला बंदी नव्हती. आठ वर्षांनी शिकागोत जीन टनीविरुद्ध, प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा नियम लागू असताना, सातव्या फेरीत टनी खाली पडला. डेम्प्सी सवयीने तिथेच रेंगाळला, रेफ्रीने मोजणी उशिरा सुरू केली, टनीला सावरायला जास्तीचे काही क्षण मिळाले आणि अखेर तो गुणांवर जिंकला. म्हणून डेम्प्सीला २००२ च्या लेनॉक्स लुईससमोर उभे करण्यापूर्वी, तो १९१९ च्या सवलतीसह येणार की १९२७ च्या बंधनासह, हे ठरवावेच लागते. (त्या बैठकीत नाणे १९१९ च्या बाजूने पडले, तरीही परीक्षकांनी लुईसलाच कौल दिला. मला तो थोडा घाईचा वाटला, कारण लुईसला त्याच्या कारकिर्दीत दोनदा एकेका उजव्या ठोशाने उताणे केलेले आहे.)

आपल्याकडच्या माणसाला हे पटवून द्यायला फार कष्ट पडू नयेत. मातीवरचा पैलवान आणि मॅटवरचा पैलवान यांची तुलना करताना आखाडा कोणता, हे आपण आधी विचारतोच; खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर नवखे होते आणि १९५२ ला हेलसिंकीत पदक घेऊन आले, हे कुस्ती पाहणाऱ्या घरांत सर्वांना ठाऊक असते.

या बैठकांपैकी सर्वांत चांगली रंगलेली बैठक १९५२ चा मार्सियानो आणि २०२४ चा ओलेक्सांद्र उसिक यांची. इथे फेऱ्यांच्या आधी वजनाचा प्रश्न आला. मार्सियानोची उंची ५ फूट साडेदहा इंच, हातांची पोच सुमारे ६८ इंच आणि लढतीच्या दिवशीचे वजन ८५ किलोंच्या आसपास. आजच्या क्रूझरवेट गटाची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो आहे. हा गट १९८० च्या सुमारास सुरू झाला. त्यापूर्वी लाइट हेवीवेटच्या वरचे सगळे हेवीवेटच. म्हणजे मार्सियानो, डेम्प्सी आणि १९३८ मध्ये मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवणारा जो लुई हे तिघेही आज हेवीवेट म्हणून तराजूवर चढले नसते. उलट उसिक हा स्वतः क्रूझरवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता होऊन मग वर आलेला, सुमारे शंभर किलोंचा, ६ फूट ३ इंच उंच, ७८ इंच पोच असलेला डावखुरा योद्धा. (उंची आणि पोच यांचे हे दोन्ही आकडे मुहम्मद अलीच्या नोंदींशी तंतोतंत जुळतात. आमच्या बैठकीत या योगायोगावर जितका वेळ गेला तितका तो महत्त्वाचा नव्हता.)

यावर सरांनी विचारलेला प्रश्न मला आजवरच्या सर्व बैठकांत सर्वांत मोलाचा वाटला. मार्सियानोला जसाच्या तसा उचलून आजच्या रिंगणात ठेवायचा, की तो आजच्या काळात जन्मला, आजचा आहार घेऊन आणि आजचे प्रशिक्षण घेऊन मोठा झाला असे धरायचे? पहिल्या पद्धतीत १५ किलोंचा फरक राहतो. दुसऱ्या पद्धतीत तो कमी होतो, पण मग आपण ज्याची कल्पना करतो तो माणूस मार्सियानो उरतो का, ही शंका उभी राहते, कारण त्याचा दम, त्याचे वाकून आत घुसणे आणि मार खात पुढे येण्याची त्याची तयारी हे सारे त्याच्या आखूड हातांच्या गरजेतूनच घडलेले होते. मंडळाने पहिली पद्धत स्वीकारली आणि मला तीच योग्य वाटते. नाणेफेकीत १९५२ चे नियम आले: पंधरा फेऱ्या आणि त्या काळचे, आजच्या दहा औंसांहून हलके ग्लोव्ह्ज.

मग खरी चर्चा झाली. कोपरखैरण्याहून येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलीने मुद्दा मांडला की वजनाचा फरक हाच निकाल असेल तर उसिकने १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवायलाच नको होते, कारण फ्युरी त्याच्याहून सहा इंच उंच आणि सतरा-अठरा किलो जड होता. तरीही नवव्या फेरीत रेफ्रीला फ्युरीसाठी मोजणी करावी लागली आणि निकाल उसिकच्या बाजूने गेला. वजन निर्णायक नसेल तर मग काय, या प्रश्नावर पायांची चर्चा आली. उसिक सतत बाजूला सरकत राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला वळत राहायला लावतो. मार्सियानोला वळणे जमत होते, पण वळता वळता ठोसा टाकणे फारसे जमत नव्हते. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट ही की डावखुऱ्याविरुद्ध सर्वांत उपयोगी शस्त्र म्हणजे वरून येणारा उजवा हात, आणि तोच त्याचा हुकमी ठोसा होता. मात्र त्याच्या काळात वरच्या पातळीवर डावखुरे हेवीवेट जवळजवळ नव्हतेच. हेवीवेट गटाला पहिला डावखुरा जगज्जेता मिळाला तो १९९४ मध्ये, मायकेल मूररच्या रूपाने. ज्या कोनातून ठोसे येतील याचा अनुभवच नाही, त्या कोनाशी पंधरा फेऱ्या झुंजायचे, ही गोष्ट लहान नाही.

रक्ताचाही मुद्दा निघाला आणि तो मला नवा होता. १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक असे फाटले की कोपऱ्यातल्या माणसांना रक्त थांबवता येईना. तरी लढत चालू ठेवली गेली आणि आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला संपवले. आज तशी जखम पाहून रिंगणाशेजारच्या डॉक्टरने लढत चालू ठेवू दिली असती असे मला वाटत नाही. परीक्षकांपैकी चौघांनी उसिकला गुणांवर विजयी ठरवले, एकाने चौदाव्या फेरीत मार्सियानोचा नॉकआउट लिहिला. मी मंडळात असतो तर उसिकलाच कौल दिला असता, पण बारा फेऱ्यांच्या लढतीत जितक्या निर्धास्तपणे दिला असता तितक्या निर्धास्तपणे नाही.

अली आणि टायसन ही जोडी मागणीनुसार वारंवार लागते आणि माझ्या मते तिच्यावर जरुरीपेक्षा जास्त रविवार खर्च होतात. तिथे वर्षाची ओळ महत्त्वाची. नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली आणि साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझियरच्या डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने येणाऱ्या ठोशाने) पंधराव्या फेरीत खाली बसलेला अली, हे पायांच्या दृष्टीने दोन निराळे योद्धे आहेत. टायसनचा डावा हुक फ्रेझियरच्या हुकइतकाच घातक होता आणि हात त्याहून वेगवान. त्यामुळे १९७१ चा अली आणि १९८८ चा, मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा टायसन अशी जोडी लावली, तर मी टायसनच्या बाजूने बसेन. १९६६ चा अली असेल तर नाही, कारण लांब हातांचा, न घाबरणारा आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, न थांबवणारा माणूस टायसनचे काय करतो, हे फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने दाखवून दिलेले आहे. हे एवढे सांगून झाल्यावर खरे तर विषय संपतो, पण ऐरोलीत तो संपत नाही. टायसनचे चाहते संख्येने अधिक असतात, वयाने लहान असतात आणि वर्षाची ओळ त्यांना आवडत नाही. अशा वेळी सर स्वतः अलीच्या बाजूने झुकतात, जे निवेदकाने करू नये. त्यातच जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत अलीसमोर प्रदर्शनी लढतीत उतरलेले भारतीय मुष्टियोद्धे कौर सिंग यांचा विषय निघाला की अर्धा तास जातो. तो अर्धा तास मला आवडतो, हेही कबूल केले पाहिजे.

याउलट ज्या बैठकीला सर्वांत कमी माणसे होती ती मला अधिक आवडली. तिच्यात काल्पनिक लढत नव्हतीच. दोन काळ प्रत्यक्ष एकमेकांना भिडले अशा लढती होत्या. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन २६ वर्षांच्या मूररसमोर उभा राहिला. त्याने २० वर्षांपूर्वी किन्शासात अलीकडून हरताना घातलेलीच चड्डी घातली होती आणि त्या रात्री अलीच्या कोपऱ्यात असलेले अँजेलो डंडी आता त्याच्या कोपऱ्यात होते. नऊ फेऱ्या तो गुणांवर मागे पडत गेला आणि दहाव्यात एका छोट्या, सरळ उजव्या ठोशाने त्याने किताब परत घेतला. त्याआधी १९९१ मध्ये हाच फोरमन आणि १९९२ मध्ये बेचाळिशीतला लॅरी होम्स एव्हँडर होलिफिल्डविरुद्ध हरले, पण दोघेही बारा फेऱ्या पुरत्या उभे होते. सत्तरच्या दशकातले योद्धे पुढच्या पिढीसमोर टिकले नसते, असे म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या बाजूने, १९८८ मध्ये टायसनने अडतिशीतल्या होम्सला चार फेऱ्यांत संपवले, तीही चित्रफीत सरांनी लपवली नाही. काल्पनिक लढतींचा निकाल मापायला यापेक्षा चांगली पट्टी उपलब्ध नाही, आणि अशा बैठका महिन्यातून एकदा तरी व्हायला हव्यात.

संगणकाला निकाल विचारावा अशी मागणी तरुण मंडळींकडून होते. सर ती नाकारतात, आणि नाकारताना १९६७ ची हकीकत सांगतात. त्या वर्षी मायामीच्या मरे वोरोनर या नभोवाणी निर्मात्याने एनसीआर ३१५ या संगणकाच्या साहाय्याने सोळा हेवीवेट जगज्जेत्यांची स्पर्धा घडवून ती नभोवाणीवर ऐकवली. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवले, आणि अली उपान्त्यपूर्व फेरीतच शतकाच्या सुरुवातीच्या जेम्स जेफ्रीजकडून हरला. संतापलेल्या अलीने खटला भरला. तडजोड अशी झाली की तो आणि मार्सियानो कॅमेऱ्यासमोर खरोखर रिंगणात उतरतील. निवृत्त मार्सियानोने वजन उतरवले, डोक्यावर टोप चढवला, दोघांनी १९६९ मध्ये फेऱ्यांचे चित्रण केले आणि शेवट वेगवेगळे चित्रित झाले. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत त्याने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केले. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत जिंकला अली. एकच यंत्र, एकच जोडी आणि प्रेक्षक बदलला की विजेता वेगळा. मात्र त्यावरून संगणक निरुपयोगीच ठरतो, हे सरांचे म्हणणे मला मान्य नाही. यंत्राला जे आकडे दिले त्यांचा हिशेब कोणी मागितला नाही, हा त्यातला दोष. तो हिशेब ऐरोलीच्या फळ्यावर मांडता येईल.

आता तक्रारी. मूकपटाच्या काळातल्या चित्रफिती हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांवर, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटींच्या वेगाने घेतलेल्या असतात. त्या आजच्या वेगाने चालवल्या की माणसे झटके दिल्यासारखी हलतात. केंद्रात त्या तशाच चालवल्या जातात. याचा सर्वाधिक अन्याय जॅक जॉन्सनवर, म्हणजे पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेत्यावर, होतो. प्रतिस्पर्ध्याचे दंड हवेतच पकडून त्याचा ठोसा जन्माआधीच मारणारा आणि मोकळ्या झालेल्या हाताने खालून अपरकट घालणारा हा कसबी योद्धा पडद्यावर विनोदी दिसतो, मुले हसतात आणि मतदानात तो दरवेळी हरतो. वेग कमी करण्याची सोय कोणत्याही साध्या प्लेअरमध्ये असते, त्यामुळे याला सबब नाही. १९१० मध्ये त्याने जेफ्रीजला हरवल्यावर अमेरिकेत वर्णद्वेषी दंगली उसळल्या आणि पुढे १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच बंदी आली, हेही अशा बैठकीत सांगितले गेले पाहिजे. सांगितले जात नाही.

बसायला लाकडी बाकडी आणि व्यायामाच्या चटया आहेत, ज्येष्ठांनी खुर्ची आधी सांगून ठेवावी. पंखे पडद्याच्या आवाजावर मात करतात. चहा बरा असतो. ठाणे-वाशी मार्गावर मेगाब्लॉक असेल त्या रविवारी दुपारी गाडीच्या भरवशावर निघू नये. बैठक संध्याकाळी असली तरी पुढची बाकडी लवकर भरतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना नेण्यास हरकत नाही, फक्त विलार्डचा चेहरा त्यांना आधी दाखवू नये.

माझी मुख्य मागणी मात्र लॅरी होम्सची आहे. सलग ४८ लढती जिंकलेला, मार्सियानोच्या आकड्यापासून एक पाऊल दूर थांबलेला हा जगज्जेता यादीत केवळ टायसनचा बळी म्हणून येतो. मागणीच्या पेटीत मी चिठ्ठी टाकली आहे: १९७८ चा होम्स विरुद्ध व्लादिमिर क्लिच्को, दोन काळांतले दोन उत्तम जॅब. सरांनी वाचून विचारले की फेऱ्या किती. पंधरा, मी म्हणालो. कारण केन नॉर्टनविरुद्ध गुण समसमान असताना होम्सने किताब मिळवला तो पंधराव्या फेरीतच. क्लिच्कोचे दोन चाहते लगेच उठले आणि नाणेफेकीशिवाय हे चालणार नाही म्हणाले. लढत पुढच्या महिन्याच्या यादीत लागली आहे.